मशीन बंद होते

आमची धाकटी यंदा नववीत आहे. तिच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा आहे आणि तिने विषय निवडला आहे, 'यंत्राला नीती शिकवता येईल का?' यादीत 'माझा आवडता संत' होता, 'पाणी हेच जीवन' होते. मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलीने संत सोडून यंत्र धरावे, आणि तेही मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत, याचे मला जरा वाईट वाटले. पण हल्लीची मुले आपल्याला वाईट वाटून घ्यायलासुद्धा फारसा अवसर देत नाहीत.

"बाबा, सात मिनिटं बोलायचंय. मुद्दे सांगा."

मुद्दे सांगण्याची माझी एक पद्धत आहे. आधी व्युत्पत्ती, मग व्याख्या, मग विषयाची व्याप्ती. 'नी' म्हणजे नेणे, त्या धातूपासून 'नीती', जी पुढे नेते ती, एवढे सांगून मी चष्मा पुसायला घेतला तोच ती उठून गेली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या वहीत दहा मुद्दे अनुक्रमांकासह उतरलेले होते. हल्ली मोबाइलमध्ये एक बोलका गडी असतो. विचाराल ते सांगतो, मराठीतून सांगतो, आणि दोनदा विचारले तरी चिडत नाही. हे शेवटचे वाक्य धाकटीने माझ्याकडे बघून म्हटले.

"बरे, यंत्राला नीती शिकवता येते की नाही? काय म्हणतो तो?"

"दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत, म्हणतो."

"म्हणजे परिसंवादाचा अध्यक्षच झाला की!"

"पण बाबा, तो कबूल करतो. खाली लिहिलेलंच असतं, माझ्याकडून चुका होऊ शकतात, महत्त्वाची माहिती तपासून घ्या म्हणून."

मी गप्प बसलो. माणसांत वावरून मला चाळीसच्या वर वर्षे झाली, पण कुणाच्याही खाली असे लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही. माझ्या स्वतःच्या खालीही नाही.

तरी बापाचा मान राहावा म्हणून मी माझ्याजवळचे दोन मुद्दे काढले. पहिला आयझॅक आसिमोव्हचा. या लेखकाने १९४२ सालच्या एका कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घालून दिले. त्यातला पहिला असा, की यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये. आणि माणसाला इजा होत असताना स्वस्थ बसून ती होऊही देऊ नये. मला या नियमाचा पूर्वार्ध साधा वाटतो. तो कुठल्याही कायद्यात सापडेल. नवल आहे ते उत्तरार्धाचे. काही न करता बसून राहणे हाही अपराध, असे त्याने यंत्राच्या बाबतीत ठरवून टाकले. माणसाच्या बाबतीत आपण इतके कडक नसतो. आपल्याकडे काही न करता बसून राहणाऱ्याला सज्जन म्हणतात.

दुसरा मुद्दा त्या मोटारीचा. चालकाशिवाय चालणारी मोटार आहे, ब्रेक निकामी झाले आहेत, सरळ गेली तर तिघे वृद्ध मरतात, वळवली तर लेकराला घेतलेली एक बाई मरते. मोटारीने काय करावे? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी २०१६ साली असली कोडी साऱ्या जगापुढे ठेवली. २३३ देशांतून आणि प्रदेशांतून सुमारे चार कोटी उत्तरे आली, आणि २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा हिशेब छापून आला. जनावरापेक्षा माणूस वाचवावा, थोड्यांपेक्षा पुष्कळ वाचवावेत, म्हाताऱ्यांपेक्षा तरुण वाचवावेत, असा जगाचा साधारण कौल पडला.

रात्री जेवताना हे कोडे मी घरात घातले. थोरली कॉलेजात आहे, तिने उत्तर देण्यापूर्वी त्या वृद्धांचा आजार विचारला. धाकटीने मोटार वळवावी की न वळवावी यावर तीनदा मत बदलले. सौभाग्यवती वाढत होती. तिला विचारले तर ती म्हणाली, "माणसं रस्त्यावर दिसत असताना गाडी एवढ्या जोरात कुणी काढायला सांगितली होती?"

"अगं, तसं नाही. ते गृहीत धरायचं."

"तुम्ही धरा. भात घेता का?"

एमआयटीच्या मंडळींना हे उत्तर कुठल्या रकान्यात घालता आले असते कोण जाणे.

त्या हिशेबातली एक गोष्ट धाकटीला फार आवडली. एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्री असली, तर जगाने थोडेसे झुकते माप स्त्रीला दिले होते. तिला वाचवा, असे लोक म्हणाले होते. "म्हणजे आपण चांगले आहोत की बाबा!" असे म्हणून तिने ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाली, "आता एक बीडचं उदाहरण द्या. बाई म्हणाल्यात, आपल्या भागातलं उदाहरण दिलं की मार्क मिळतात."

माझ्या मनात पहिल्याने आला तो ऊस. बीडच्या माणसाच्या मनात दुसरे काय येणार? दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे गावेच्या गावे घरांना कुलपे लावून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, हात चार आणि नाव मात्र हत्याराचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत अंग दुखायलाही परवानगी नाही. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली या बायकांच्या गर्भपिशव्यांचा बोभाटा झाला, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कुणाला पाळीचा त्रास, कुणाला खाड्याची धास्ती, कुणाला डॉक्टरनेच घातलेली कॅन्सरची भीती. एखाद्या यंत्राचा भाग कुरकुरू लागला तर तो काढून बाजूला ठेवावा, तसे हे झाले. यंत्राला माणसासारखे वागायला कसे शिकवावे याची चिंता जगातले पंडित करीत होते, तोवर आमच्याकडे माणसाला यंत्रासारखे वागायला शिकवून झालेसुद्धा होते.

हे उदाहरण चांगले होते. पण नववीतल्या मुलीने व्यासपीठावरून ते कसे सांगावे, अशी शंका मी स्वतःशी काढली आणि ते सोडून दिले. खरे म्हणजे ते सांगणे मला सोपे होते. त्यात मी कुठेच नव्हतो.

दोन दिवसांनी ती स्वतःच उदाहरण घेऊन आली.

"बाबा, आठशे सात म्हणजे काय?"

बीड जिल्ह्यातल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांची मोजदाद झाली, तेव्हा जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या ८०७. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हाच आकडा ८९४ होता. मधल्या दहा वर्षांत काही साथ आली नव्हती, की फक्त मुलींनाच गाठेल असा दुष्काळ पडला नव्हता. गावोगावी एक यंत्र मात्र आले होते.

त्या यंत्राची जन्मकथा मोठी विलक्षण आहे. ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड हे प्रसूतिशास्त्राचे डॉक्टर. कारखान्यांत बॉयलरच्या पोलादात आत कुठे चीर आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासण्याचे एक यंत्र होते. लहरी आत जातात, जिथे काही वेगळे आढळेल तिथून परततात, आणि परतलेल्या लहरींवरून आत काय आहे ते कळते. कानाला ऐकू येणार नाही असा तो आवाज. डोनाल्ड यांनी १९५५ च्या सुमारास ते यंत्र माणसाच्या पोटासाठी वापरून पाहिले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातून आजची सोनोग्राफी आली. तिने किती बाळंतिणी वाचवल्या, किती अडलेली मुले सुखरूप बाहेर काढली, याचा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. गंमत अशी, की डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि ब्रिटनमध्ये १९६७ साली गर्भपाताचा कायदा आला तेव्हा त्यांनी त्याला कसून विरोध केला होता. बापाची नीती यंत्रात उतरली नाही. ती पोटच्या पोरांतही उतरतेच असे नाही, यंत्राला कशाला नावे ठेवा!

लोखंडातली चीर शोधणारे यंत्र आमच्याकडे आले, आणि आम्ही त्याला मुलगी दाखवायला सांगितली.

महाराष्ट्राने १९८८ सालीच गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशात सर्वांच्या आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशा पाट्या लागल्या. मग बोलण्याला कुलूप लागले म्हणून खुणा आल्या. कुठे पेढे म्हणजे मुलगा, कुठे जिलबी म्हणजे मुलगी, असे लोक सांगत. यंत्र बिचारे पडद्यावर करड्या सावल्या दाखवून गप्प होते. त्या सावलीचा पेढा की जिलबी करायची ते माणूस करी.

"आणि मग पोलीस मशीनला पकडायचे?" धाकटीने विचारले.

तिने चेष्टेने विचारले, पण ते अगदीच खोटे नाही. कायद्याने मशीनला सील ठोकता येते, जप्त करता येते. २०१२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, परळीत, अशा एका गर्भपातात एका स्त्रीचा जीव गेला आणि बीडचे नाव देशभर झाले. २०१९ साली बीडच्या न्यायालयाने डॉक्टर पतिपत्नींना दहा वर्षांची शिक्षा दिली. गेलेल्या बाईच्या नवऱ्यालाही दिली. वर्तमानपत्रात ती बातमी आली त्या दिवशी डॉक्टरांविषयी सगळे बोलत होते. आमच्या स्टाफरूममध्येही तेच. नवऱ्याची ओळ वाचून मी पान उलटले.

मी धाकटीला कोल्हापूरची गोष्ट सांगितली. तिच्या विषयाला ती नेमकी लागू पडत होती. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हाच आकडा ८३९ होता. तिथे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी होते. हे पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच कथाकार देशमुख, आणि या विषयावर त्यांनी कथाही लिहिल्या आहेत. त्यांनी सोनोग्राफी मशीनला आणखी एक यंत्र जोडायला लावले. नाव 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे मुका निरीक्षक. जी तपासणी होईल तिची नोंद या पेटीच्या पोटात साठते. मग कागदावर लिहिलेल्या तपासण्या आणि पेटीतल्या तपासण्या ताडून पाहायच्या. डॉक्टरांची संघटना रुग्णांच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेली, पण २०११ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला.

"म्हणजे मशीनला नीती शिकवली!" धाकटी म्हणाली.

"मशीनला नाही. मशीनसमोर बसलेल्या माणसाला एक साक्षीदार दिला."

"पण तो तर मुका आहे. बघतो, बोलत नाही. मग त्याचा काय उपयोग?"

मी म्हटले, नंतर कुणी विचारले तर तो सांगतो. ती म्हणाली, आणि कुणी विचारलंच नाही तर?

मग एकदम बोटे मोजून म्हणाली, "बाबा, त्या आठशे सातमध्ये मी आहे का?"

"नाही. जनगणना फेब्रुवारीत झाली. तू सप्टेंबरची."

"म्हणजे थोडक्यात हुकले!" असे म्हणून ती हसत वही घेऊन गेली. मी तसाच बसून राहिलो.

आता पुढचे जे लिहितो आहे ते मी तिला सांगितलेले नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी आमच्या दारी येऊन, पाणी पिऊन आणि घरात सहा वर्षांच्या आतली मुलगी एक, मुलगा नाही, असे लिहून गेले. सौभाग्यवतीला तेव्हा दिवस गेलेले होते, ते रकान्यात बसत नव्हते. गुरुजींची पाठ वळल्यावर आई म्हणाली, "ह्या वक्ताला बगून घ्यावं." मी पुस्तकातून मान वर केली नाही. तिने चार दिवसांनी पुन्हा विषय काढला. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. थोरलीवर तिचा जीव होता, तिच्याशिवाय ती जेवत नसे. "बगायला काय जातंय? करायचं का न्हाई ते मागनं ठरवू." शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी बघून देणारे कुणी आहेत, अशी माहिती तिच्याकडे कुठून तरी आलीच होती.

मी हो म्हटले नाही. मी नाहीही म्हटले नाही. मी म्हटले, "बघू."

मराठीतल्या या एका शब्दावर मी कधी तरी व्याख्यान देणार आहे. नकाराचे धैर्य नसले, होकाराची लाज वाटत असली, की मराठी माणूस 'बघू' म्हणतो. आणि त्या दिवशी त्या शब्दाचा तर अर्थही अगदी शब्दशः होता. त्याच सत्रात मी बी.ए.च्या वर्गाला ताराबाई शिंद्यांची १८८२ सालची 'स्त्रीपुरुष तुलना' शिकवत होतो, आणि बरी शिकवत होतो, असे विद्यार्थी म्हणत.

मार्चच्या अखेरीस एका सकाळी आम्ही एस.टी.ने निघालो. मी, ही आणि चार वर्षांची थोरली. वाटेत आम्ही उन्हाविषयी बोललो. दवाखाना भरवस्तीत होता. दारावर ती पाटी होती, मी ती वाचली. शुद्धलेखनाची एक चूक होती हेसुद्धा मला आठवते. आत गेलो तर पंखे थांबलेले. भारनियमनाचे दिवस होते. आपल्याच जिल्ह्यात परळीला वीज तयार व्हावी आणि आपल्याच जिल्ह्यात दुपारभर अंधार असावा, याची आम्हांला सवय झालेली होती. तिथला माणूस म्हणाला, जनरेटर बिघडलाय, लाइट येईल तेव्हा येईल, बसा. समोर पिठाची गिरणी होती, तीही बंद. तिच्या ओट्यावर डब्यांची लांब रांग लावून बाया सावलीत बसल्या होत्या.

आम्ही बाकावर बसलो. तासभर तरी बसलो असू. तिथे आणखी दोन जोडपी होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. एस.टी.च्या थांब्यावर अनोळखी माणसे जितकी बोलतात तितकेही तिथे कुणी बोलले नाही. मी भिंतीवरच्या हसऱ्या बाळाच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. त्या वेळी माझ्या मनात काय होते, हे मी पुष्कळदा आठवून पाहिले आहे. मोठा झगडा चालला होता, असे लिहिता आले तर मला आवडेल. पण तसे नव्हते. लाइट लवकर यावा म्हणजे शेवटची बस मिळेल, असे माझ्या मनात होते.

थोरलीने भुकेची कुरकुर लावली म्हणून मी बिस्किटांचा पुडा आणायला बाहेर पडलो. कोपऱ्यावर चहाची टपरी दिसली. मी चहा घेतला. घाई नव्हती म्हणून दुसराही घेतला. परत आलो तो ही थोरलीचा हात धरून दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी. डोक्यावर पदर, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"चला," ती म्हणाली. "मशीन बंद आहे."

मी पुढे काही विचारले नाही. मला एवढे हलके वाटले, की मी थोरलीला कडेवर घेऊन स्टँडपर्यंत चालत गेलो. गिरणीपुढच्या डब्यांची रांग निम्मीअधिक उरकली होती, आमच्या अंगावर थोडे पीठही उडाले. बसमध्ये थोरली माझ्या खांद्यावर झोपली.

घरी आल्यावर आईला सांगितले, "मशीन बंद होते." ती म्हणाली, "बरं." आठवड्याने तिने विचारले तेव्हा हिनेच उत्तर दिले, "मोठा बिघाड झालाय म्हणे त्या मशीनला." मग पाचवा सरला, सहावा लागला, आणि विषय आपोआप मिटला. सप्टेंबरात धाकटी झाली. आईने तिला पहिली आंघोळ घातली, आणि पुढे जाईपर्यंत तिच्याशिवायही ती कधी जेवली नाही.

चौदा वर्षे झाली. 'मशीन बंद होते' या वाक्याच्या आडोशाला आमचे सबंध कुटुंब नांदते आहे. त्यात आईची सुटका झाली, माझीही झाली. पण एक प्रश्न राहिला. त्या दुपारी वीज आली असती तर मी काय केले असते? मला नीट ठाऊक नाही, आणि जे थोडेसे ठाऊक आहे ते सांगण्याजोगे नाही. माझी मुलगी जिवंत आहे ती वीजमंडळाच्या कृपेने, माझ्या विवेकाने नव्हे, हे मी इतकी वर्षे मनाशी धरून आहे. 'विवेकसिंधू' शिकवताना तर फारच. आसिमोव्हच्या यंत्रमानवाला त्या बाकावर बसवले असते तर तो नियमाप्रमाणे उठला तरी असता. कोल्हापूरच्या पेटीचे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मी दचकलो होतो. बघतो आणि बोलत नाही, असा एक मुका निरीक्षक मला आधीपासून माहीत होता.

इथवर मी लिहिले होते, आणि लेख इथेच संपवावा असे ठरवले होते. पण हे छापायचे तर तिला न विचारता छापणे बरे नव्हे, म्हणून काल रात्री मी कागद सौभाग्यवतीपुढे ठेवले. ती ओट्यापाशी पीठ चाळत होती. तिने हात पदराला पुसले, उभ्याउभ्याच सगळे वाचले, आणि चाळणी पुन्हा हातात घेतली.

"डबे बरे लक्षात राहिले तुमच्या," ती म्हणाली.

"कुठले डबे?"

"गिरणीपुढचे. जाताना रांग होती, येताना निम्मी झाली होती. लाइट नसताना कशी झाली?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. चाळणीचा आवाज चालू होता.

"तुम्ही चहाला गेलात आणि लाइट आला. पंखा फिरायला लागला. त्या माणसानं पहिलं नाव माझंच घेतलं. मी हिचा हात धरला आणि बाहेर आले."

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि आईला?"

"त्यांना काय सांगणार होते? तुम्ही नको म्हणालात म्हणून सांगता आलं नसतं, मी नको म्हणाले म्हणून चाललं नसतं. मशीनचं काय, त्याला कुणी बोलत नाही."

मला काही सुचेना. वरचा मजकूर खोडून पुन्हा लिहू का, असे मी विचारले. ती म्हणाली, राहू द्या, तुम्हांला तसंच वाटत होतं ना. मग थोडे थांबून म्हणाली, "पण छापून यायच्या आधी धाकटीला सांगायला हवं. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

माझ्या तोंडावर 'बघू' आले होते. ते मी गिळले. आतल्या खोलीत धाकटी आरशापुढे उभी राहून भाषण पाठ करत होती. "सन्माननीय परीक्षक, गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो," असे तिने तीनदा तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हटले, आणि मग आतूनच हाक मारली, "बाबा, जरा इकडे या, वेळ लावा!"

"मी सांगतो," असे हिला म्हणून मी आत गेलो.